डिप्लोमावाले, हात वर करा!

सप्टेंबरचा पहिला आठवडा होता. सेकंड इयरचे वर्ग सुरू होऊन महिना उलटला होता आणि मी वर्गाच्या दारात उभा होतो. हातात ॲडमिशनची पावती, पाठीवर सॅक, सॅकमधून डोकावणारी ड्रॉइंगची नळी. सरांनी मानेनेच 'बस' म्हणून खूण केली. जागा कुठे होती? अर्थातच शेवटच्या बाकावर.

फळ्यावर एम-थ्री चाललं होतं. 'टी'च्या एन घाताचा लाप्लास ट्रान्सफॉर्म. सर एका ओळीवर थांबले आणि म्हणाले, "आता हे इंटिग्रल म्हणजे काय? गॅमा फंक्शन. ते तुमचं एम-टूला झालंय. चला पुढे." वर्ग पुढे गेला. मी तिथंच राहिलो. गॅमा हे माझ्या लेखी तोवर नुसतं एक ग्रीक अक्षर होतं.

तासाच्या शेवटी सरांनी विचारलं, "डिप्लोमावाले कोण कोण आहेत? हात वर करा."

मागच्या दोन ओळींतून नऊ हात वर गेले. पुढच्या सगळ्या माना मागे वळल्या. सर म्हणाले, "तुम्हाला हे जरा जड जाईल हं. एम-वन, एम-टू बघून घ्या." आणि ते निघून गेले.

सरांचा हेतू वाईट नव्हता, हे मी आज खात्रीने सांगू शकतो. पण त्या दिवशी वर गेलेला तो हात पुढची दोन वर्षं मला खाली घेता आला नाही. ग्रुप करताना 'डिप्लोमावाला', प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये 'डिप्लोमावाला', ओरलला एक्स्टर्नल विचारणार, "डिप्लोमा का?" माझा रोल नंबर ६८. हजेरीपटात आडनावाप्रमाणे साठ मुलं, आणि त्याखाली एक रेघ मारून आम्ही नऊ. ती रेघ पेनाने मारलेली होती. तिच्याबद्दलच आज लिहायचं आहे.

आधी हिशेब

आपल्याकडे एक समज फार घट्ट बसलाय. डिप्लोमावाले सीईटी न देता, मागच्या दाराने येतात, एक वर्ष वाचवतात. मेसच्या रांगेत हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता उत्तर पाठ झालंय. दहावीनंतर तुम्ही दोन वर्षं अकरावी-बारावी करता आणि चार वर्षं इंजिनिअरिंग. झाली सहा. आम्ही तीन वर्षं डिप्लोमा करतो आणि तीन वर्षं इंजिनिअरिंग. झाली सहाच. वाचलेलं ते एक वर्ष कुठंय, मला अजून सापडलेलं नाही. सापडलं तर दिवाळीच्या सुट्टीला जोडून घेईन म्हणतो.

आणि दाराचं म्हणाल तर, आमचं दार सहा सेमिस्टर उघडं-बंद होत असतं. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या परीक्षा, जर्नल, टर्मवर्क, मायक्रोप्रोजेक्ट, ट्रेनिंगचा रिपोर्ट. डायरेक्ट सेकंड इयरच्या प्रवेशाला सीईटी नाही हे खरं. तिथे डिप्लोमाचे टक्के धरतात. म्हणजे तुमचा निकाल तीन तासांच्या पेपरवर लागतो आणि आमचा वर्षावर. दोन्हींत कस लागतोच. बारावीला सकाळी सहाला क्लास, दुपारी कॉलेज, रात्री टेस्ट सिरीज केलेल्या माझ्या रूममेटचे कष्ट कमी होते असं मी कधीही म्हणणार नाही. दोन वाटा वेगळ्या आहेत, एवढंच.

मग मी त्या वाटेनं का गेलो? दहावीला मला ८४ टक्के होते. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक. घरी सरळ हिशेब झाला: बारावी सायन्स म्हणजे क्लासची फी, तालुक्याच्या गावी खोली, आणि दोन वर्षांनी हातात काय तर एक गुणपत्रिका. डिप्लोमा म्हणजे तीन वर्षांनी निदान नोकरी. वडील म्हणाले, "पुढं शिकायचं झालं तर डिग्रीला जाता येतंच की." हे 'जाता येतंच की' माझ्यासारख्या हजारो घरांत बोललं जातं. त्या शब्दांवर विश्वास ठेवून पंधरा-सोळा वर्षांची मुलं वाट निवडतात. म्हणून ते शब्द खरे ठरवणं ही कुणाची तरी जबाबदारी आहे, असं मला वाटतं.

अमेरिकेतला फोन

माझ्या रूममेटचा मामेभाऊ कॅलिफोर्नियात असतो. एका रविवारी तो व्हिडिओ कॉलवर होता आणि मी पलीकडच्या कॉटवर एम-थ्रीच्या नावाने शंख करत होतो. त्याने विचारलं, काय झालं? मी माझं गाऱ्हाणं सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "अरे, मीपण तुझ्यासारखाच!"

तो आधी सॅन होजेजवळच्या एका कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं शिकला आणि मग सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला गेला. ही तिकडची रुळलेली वाट आहे. इलिनॉय राज्यातलं जोलिएट ज्युनिअर कॉलेज १९०१ साली सुरू झालं. अशा सार्वजनिक कॉलेजांत ते सर्वांत जुनं मानतात. कॅलिफोर्नियाने १९६० साली उच्च शिक्षणाचा एक आराखडाच केला: वरच्या पायरीवर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, मग स्टेट युनिव्हर्सिटी, आणि सगळ्यांना खुली असलेली कम्युनिटी कॉलेजं. खालून वर जायची शिडी त्या आराखड्यातच धरलेली होती. आज त्या एका राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत. घराजवळ, कमी फीमध्ये दोन वर्षं काढायची आणि मग मोठ्या विद्यापीठात जायचं. शेवटी पदवीवर नाव विद्यापीठाचंच. नट टॉम हँक्ससुद्धा आधी चाबो कॉलेज नावाच्या कम्युनिटी कॉलेजात होता आणि तिथून सॅक्रामेंटो स्टेटला गेला.

मला मात्र यातली एकच गोष्ट फार महत्त्वाची वाटली. तो म्हणाला, "पहिल्याच वर्षी काउन्सिलरने मला यादी दिली होती. इथला कोणता विषय तिथल्या कोणत्या विषयाच्या जागी धरला जाईल, आणि तिसऱ्या वर्षाला बसायच्या आधी काय काय झालेलं असलं पाहिजे, ते सगळं त्यात होतं. तुमच्याकडे ती यादी नाही का?"

आमच्याकडे यादी आहे. प्रवेशाच्या कागदपत्रांची! गुणपत्रिका, डोमिसाईल, लिव्हिंग सर्टिफिकेट, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स. डोक्यात काय घेऊन यायचं त्याची यादी मात्र कुणी दिलेली नाही.

तिकडे या यादीसाठी दोन संस्था आपापसात रीतसर करार करतात. कॅलिफोर्नियात हे सगळे करार एकाच ठिकाणी बघायला मिळतात. फ्लोरिडाने तर विषयांना राज्यभर समान क्रमांक दिले आहेत, म्हणजे छोट्या कॉलेजातलं कॅल्क्युलस आणि विद्यापीठातलं कॅल्क्युलस एकच की वेगळं, हा वाद उरू नये.

तिकडे सगळं गोड आहे असं समजू नका. २०१७ मध्ये अमेरिकन सरकारच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने अहवाल दिला की, २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट्स नव्या ठिकाणी धरली गेली नाहीत. (यात सगळ्या प्रकारचे बदल आले, नुसते कम्युनिटी कॉलेजवाले नव्हेत.) शिकलेलं वाया गेलं, फी परत भरली. म्हणजे करार असूनही गळती आहे. आपल्याकडे उलटं आहे. आमचं एकही वर्ष कुणी कापत नाही. अख्खं फर्स्ट इयर एका फटक्यात माफ! कागदावर आपली पद्धत जास्त उदार आहे. पण माफ केलेलं ते वर्ष सेकंड इयरच्या प्रत्येक पुस्तकात परत भेटतं, आणि भेटल्यावर ओळख दाखवत नाही.

नेमकं काय राहून जातं

मोघम तक्रार नको म्हणून सांगतो. मी आय स्कीमचा. आम्हाला डिप्लोमात पहिल्या सेमिस्टरला बेसिक मॅथेमॅटिक्स आणि दुसऱ्याला ॲप्लाइड मॅथेमॅटिक्स. त्यात मॅट्रिक्स होतं, डेरिव्हेटिव्ह होतं, इंटिग्रेशन होतं, साधी डिफरन्शियल इक्वेशन्सही होती. त्यानंतर मेकॅनिकलला गणिताचा स्वतंत्र पेपर नाही. म्हणजे सेकंड इयरला बसताना मी शेवटचं गणित सोडवून दोन वर्षं झाली होती. आयगेन व्हॅल्यू, पार्शियल डेरिव्हेटिव्ह, डबल-ट्रिपल इंटिग्रल, बीटा-गॅमा फंक्शन, ही सगळी मंडळी एम-वन आणि एम-टूमध्ये राहतात. त्या घरावरून आम्ही कधी गेलोच नाही. आणि व्हेक्टर कॅल्क्युलस पार्शियलशिवाय सुरूच होत नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू. मी सेकंड इयरला आलो तेव्हा माझ्या हाताने लेथवर फोर-जॉ चकमध्ये जॉब सेंटर केलेला होता. एका छोट्या वर्कशॉपमध्ये सहा आठवडे ट्रेनिंग केलेलं होतं. तिथे बुश मोजायला गो-नोगो गेज वापरायचे. 'गो' आत जायलाच हवा आणि 'नो-गो' जाता कामा नये. एका संध्याकाळी माझ्या हातचे चौदा बुश रिजेक्ट झाले आणि तिथले मिस्त्री फक्त एवढंच म्हणाले, "ह्याचे पैसे कोन भरनार?" टॉलरन्स म्हणजे काय, हे मला त्या प्रश्नातून कळलं. वर्गात एच-सेव्हन जी-सिक्स शिकवलं तेव्हा मला शाफ्ट भोकात सरकताना दिसत होता, आणि एच-सेव्हन पी-सिक्स म्हटल्यावर तो प्रेसवर दाबून बसवताना.

म्हणजे आम्ही रिकामे येत नाही. आमच्याकडे एक खण भरलेला आणि एक रिकामा असतो. तुमच्याकडे भरलेला-रिकामा उलट असतो. या दोन खणांची गाठ घालून द्यायचं काम कॉलेजचं. पण कॉलेज काय करतं? सगळ्या डिप्लोमावाल्यांची प्रॅक्टिकलची एक वेगळी बॅच करतं! म्हणजे ज्यांना व्हर्निअर धरता येतो ते सगळे एकत्र आणि ज्यांना पार्शियल येतं ते सगळे एकत्र. कुणाचा कुणाला उपयोग नाही.

वरण, मीठ आणि तिखट

मला पहिले तीन महिने हॉस्टेल मिळालं नाही. आमच्या कॅप राउंड संपेपर्यंत हॉस्टेलची यादी लागून गेलेली असते. कॉलेजच्या मागे एका घरात कॉट बेसिसवर राहिलो, एका खोलीत पाच जण, पाचही डिप्लोमाचे. एम-थ्रीच्या इनसेमला ३० पैकी मला ७ पडले. सबमिशनच्या रात्री कुणाला विचारायचं तर पाचही जणांना तेवढंच येत होतं, म्हणजे येत नव्हतं.

दिवाळीनंतर हॉस्टेलमध्ये एक जागा रिकामी झाली आणि रेक्टर सरांनी मला बोलावलं. नवा रूममेट बारावी-सीईटीवाला, एम-टूला वर्गात पहिला. पहिल्या आठवड्यात आम्ही एकमेकांशी पंख्याचा स्पीड सोडून कशावरही बोललो नाही. मग एक दिवस तो मशीन ड्रॉइंगची शीट घेऊन रडकुंडीला आला होता. सेक्शनल व्ह्यूमध्ये रिब कापायची की नाही, हे त्याला कळत नव्हतं. मी सांगितलं. त्यानं विचारलं, "तुला कसं माहीत?" मी म्हटलं, "मी तो भाग हातात धरलाय रे."

त्या रात्री मेसमध्ये त्याने मला पार्शियल डेरिव्हेटिव्ह शिकवलं. ताटातल्या वरणाकडे बोट दाखवून म्हणाला, "ह्याची चव मिठावर आणि तिखटावर, दोन्हींवर अवलंबून आहे ना? मीठ आहे तेवढंच ठेव. तिखट जरासं वाढव. चव किती बदलली? झालं तुझं पार्शियल, तिखटाच्या संदर्भात." मेसच्या काकू ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "दोन्ही कमी पडलंय असं सरळ सांगा की रे." पण मला पार्शियल त्या दिवशी समजलं ते समजलंच.

एवढं होऊनही पहिल्या खेपेला एम-थ्रीत माझी केटी लागली. तीन महिन्यांचा खड्डा तीन आठवड्यांच्या पीएलमध्ये भरत नाही. दुसऱ्या खेपेला सुटलो. पुढच्या सेमिस्टरला गाडी रुळावर आली.

नंतर रूममेटच्या मामेभावाने मला सांगितलं की याला तिकडे नावसुद्धा आहे: 'ट्रान्सफर शॉक', म्हणजे बदलीचा धक्का. हिल्स नावाच्या एका संशोधकाने १९६५ साली हा शब्द वापरला. ज्युनिअर कॉलेजातून विद्यापीठात आलेल्यांचे गुण पहिल्या सत्रात घसरतात आणि बऱ्याच जणांचे पुढे सावरतात, असं त्याला दिसलं होतं. हे मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर! 'तुम्हाला जड जाईल' या वाक्याच्या पुढे 'पहिलं सेमिस्टर, मग सावराल' एवढं जोडलं असतं तरी त्या नऊ हातांपैकी प्रत्येकाला बळ आलं असतं.

जो सावरला नाही

कारण सगळे सावरत नाहीत. आमच्या कॉट बेसिसच्या खोलीतला एक जण, डिप्लोमाला ८१ टक्के, आमच्यात सगळ्यात हुशार. त्याला हॉस्टेल मिळालंच नाही. एम-थ्री आणि आणखी काही विषय राहिले, वायडी लागली. घरी सांगायची हिंमत होईना, म्हणून महिनाभर तो रोज सकाळी सॅक लावून बाहेर पडायचा आणि संध्याकाळी परत यायचा. कुठे जायचा ते आम्ही विचारलं नाही. विचारायला हवं होतं. आज तो चाकणला एका कंपनीत सीएनसीवर आहे. काम मनापासून करतो, पगारही घरी जातो, त्याच्या कामाला मी कमी लेखत नाही. पण परवा फोनवर तो म्हणाला, "मला मशीन कळत होती रे. गणितही कळलं असतं." यावर मला उत्तर सुचलं नाही.

तो नापास झाला, ही त्याची चूक. पण तो ज्या पायरीवर घसरला तिथे मागच्या वर्षीही कुणीतरी घसरलं होतं आणि पुढच्या वर्षीही घसरणार आहे. दरवर्षी एकाच पायरीवर माणसं घसरत असतील तर पायरी बघायला नको का?

आमच्याही चुका आहेत

हे लिहिलं नाही तर लेख एकतर्फी होईल. डिप्लोमावाल्यांनो, खरं बोलूया. पहिल्या महिन्यात 'हे सगळं आमचं झालंय' म्हणून थिअरीला दांड्या कोण मारतं? आपणच. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल डिप्लोमात झालं म्हणून वही न उघडता पेपरला जाणारे आपणच, आणि डेरिव्हेशन आल्यावर पेपर कठीण म्हणणारेही आपणच. मंडळ जुन्या पेपरांची मॉडेल आन्सर्स प्रसिद्ध करतं. चांगली सोय आहे, पण पाच-सहा पेपर घोटले की सुटलो, ही सवय आपल्याला तिथून लागली. इथे ती चालत नाही. आणि वर्गात, मेसमध्ये, गॅदरिंगला आपला वेगळा कळप करून बसतो तो आपल्याच मर्जीने. हजेरीपटातली रेघ कॉलेजने मारली असेल, पण तिला दुसऱ्या बाजूने गिरवतो आपणच.

तसंच बारावीवाल्यांनो, वर्कशॉपमधल्या मामांकडून जॉब फाईल करून घेऊन 'आम्ही कोअर इंजिनिअर' म्हणणं बरं नव्हे. मागच्या बाकावर बसलेला ६८ नंबर तुम्हाला ते अर्ध्या तासात शिकवेल. विचारून तर बघा.

मागणं काय?

प्राचार्य, विभागप्रमुख आणि शिक्षकांपुढे चार गोष्टी मांडतो. यातल्या कशालाही फार पैसे लागत नाहीत.

पहिली, ब्रिज कोर्स. डायरेक्ट सेकंड इयरचे प्रवेश झाले की पहिले पंधरा दिवस, संध्याकाळी दीड-दोन तास, एम-वन आणि एम-टूमधला नेमका लागणारा भाग. पार्शियल, मल्टिपल इंटिग्रल, आयगेन व्हॅल्यू, बीटा-गॅमा, एवढा पुरे. हे काही मी डोक्यातून काढलेलं नाही. वेगवेगळ्या पार्श्वभूमीतून येणाऱ्यांसाठी गणितासारख्या विषयांचे ब्रिज कोर्स द्यावेत, असं एआयसीटीईच्या मार्गदर्शक पुस्तिकेतही म्हटलेलं आहे. आपल्याकडे तो झाल्याची नोंद निघेलही. वर्ग झाल्याचं मला आठवत नाही.

दुसरी, हजेरीपटातली रेघ पुसा. प्रवेश उशिरा झाला तरी यादी आडनावाप्रमाणे नव्याने लावा आणि प्रॅक्टिकलच्या बॅचेस मिसळा. एका टेबलावर दोन तुमचे, दोन आमचे. या एका बदलाने जेवढं होईल तेवढं कुठल्याच लेक्चरने होणार नाही.

तिसरी, हॉस्टेलच्या काही जागा शेवटची कॅप राउंड होईपर्यंत राखून ठेवा. मला दिवाळीनंतर मिळालेली एक कॉट माझं वर्ष वाचवून गेली. माझ्या मित्राला ती मिळाली नाही. आमच्या दोघांत फरक एवढाच होता.

चौथी, जी टेस्ट आमच्या प्रवेशाआधी झाली, तिचे शून्य मार्क आमच्या नावावर लावू नका. पुन्हा घ्या. न दिलेल्या परीक्षेत नापास होणं फार वाईट असतं.

नव्या शैक्षणिक धोरणात (२०२०) क्रेडिट एका संस्थेतून दुसरीत नेण्याची भाषा आहे. २०२१ पासून त्यासाठी क्रेडिटची बँकही आली, आपण सगळ्यांनी तिचा आयडी काढून फॉर्मवर भरलाय. चांगलं आहे. पण क्रेडिट एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेलं म्हणून विद्यार्थी तिथे पोचला असं होत नाही. त्याला बाकावर जागा लागते, शेजारी कुणी लागतं आणि 'हे तुला आलं नसेल, थांब, सांगतो' म्हणणारं माणूस लागतं.

आणि ज्यांना अजूनही डिप्लोमा म्हणजे कमअस्सल वाटतं त्यांच्यासाठी एक जुनी गोष्ट. पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज, जे आज सीओईपी म्हणून सगळ्यांना माहीत आहे, ते १८५४ साली 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' म्हणून सुरू झालं. उद्देश काय होता? बांधकाम खात्यासाठी दुय्यम अधिकारी तयार करणं. पूल, रस्ते, इमारती यांच्या कामावर प्रत्यक्ष उभी राहणारी माणसं. आजच्या भाषेत, जवळजवळ डिप्लोमावालेच की! पदवी नंतर आली.

यंदाच्या सप्टेंबरातही आपल्या वर्गाच्या दारात कुणीतरी उभं राहील. हातात पावती, सॅकमधून डोकावणारी नळी. सर, त्याला हात वर करायला सांगू नका. आणि पहिल्या बाकावरच्या मित्रा, तू जरा सरकून बस. संध्याकाळी त्याला मेसमध्ये घेऊन ये. वरण तसंच आहे, मीठ आणि तिखट दोन्ही कमी. पार्शियल शिकवायला अजूनही चालतं.

— अंतिम वर्ष, यांत्रिकी. रोल नंबर अजूनही शेवटच्या दहांत.